माझ्याच फोनवरचं बोलणं मला रेकॉर्ड करून का ठेवता येत नाही?

द्राक्षाचा सौदा आता फोनवर होतो. व्यापारी बागेत येतो, मणी चाखतो, घड उचलून बघतो, आणि भाव सांगतो तो रात्री फोनवर. निफाड घ्या, दिंडोरी घ्या, सगळीकडे हेच. कागद नाही, सही नाही. मग गाडी भरायच्या वेळी सुरू होतं: साखर उतरली नाही, मण्यांना तडे आहेत, मार्केट बसलं. पैसे मागायला गेलं की, "मी एवढा भाव बोललोच नव्हतो." ऑक्टोबर छाटणीपासून डाऊनी-भुरी या रोगांच्या मागे धावत फवारण्या करायच्या, उधारीवर औषधं आणायची, आणि शेवटी त्याचा शब्द विरुद्ध माझा शब्द!

माझ्या जुन्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. तो बंद पडला म्हणून एमजी रोडवरून नवा घेतला. दुकानदाराला आधी विचारलं होतं. "रेकॉर्डिंग आहे ना दादा, सगळ्यात असतं." आहे. पण बटण दाबलं की एक बाई दोन्हीकडे इंग्रजीत जाहीर करते, कॉल रेकॉर्ड होतोय म्हणून. व्यापारी जागच्या जागी सावध. "भाऊ, थांबा, व्हॉट्सअ‍ॅपवर लावतो." आणि तो कॉल फोनच्या रेकॉर्डरमध्ये येतच नाही. मग ते बटण मी काय करू?

दुसरं अ‍ॅप टाका, म्हणे. कुठलं टाकू? 2018 साली अँड्रॉइड 9 आलं तेव्हापासून बाहेरच्या अ‍ॅप्सचा हा रस्ता आवळत आणला. अपंगांसाठीच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सुविधेतून काही अ‍ॅप्स काम चालवत होती, तर 11 मे 2022 पासून गूगलने प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅप्सना तेही बंद केलं. आता जी अ‍ॅप्स मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांत माझा आवाज खणखणीत आणि समोरचा मुका. मला माझा आवाज कशाला हवाय? भाव तर तो बोलला!

प्रायव्हसीचं कारण सांगतात. नवऱ्याने बायकोच्या फोनवर पाळत ठेवू नये, तिसऱ्याने दोघांचं चोरून ऐकू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण मी तिसरा नाही. बोलणाऱ्या दोघांतला एक मी आहे. बँकेला, विमा कंपनीला फोन लावला की आधी तेच सांगतात, कॉल रेकॉर्ड होऊ शकतो. नको असेल तर फोन ठेवा, एवढीच सोय. तक्रार झाली की रेकॉर्डिंग त्यांच्याकडे, आमच्याकडे काही नाही.

आणि कोर्टाला याचं वावडं नाही. आर. एम. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1972 मध्येच फोनवरच्या बोलण्याची टेप पुरावा म्हणून धरली, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचीच संमती असताना. आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडून अशी फाइल देता येते. पण फाइल असेल तर ना! द्राक्षवाल्यांना फसवून व्यापारी पसार झाल्याच्या बातम्या दर हंगामात येतात, आणि पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न असतो, "पुरावा काय?"

ती घोषणा बंद करायची सोय सेटिंगमध्ये द्या, जबाबदारी माझ्यावर टाका, हवं तर तसं लिहून घ्या. तोवर भाव ठरला की मी व्यापाऱ्याला तोच भाव आणि वजनाची अट मेसेजने पाठवतोय, आणि "हो" असं उत्तर येईपर्यंत कात्री बागेत जाणार नाही.