नकार बँकेचा नव्हता, दिल्लीचा होता

"जागतिक बँकेने सरदार सरोवराला एक पैसा दिला नाही. आंदोलनवाल्यांनी परदेशात जाऊन कर्ज अडवलं. शेवटी गुजरातने स्वतःच्या पैशावर धरण उभं केलं." नर्मदेला पाणी आलं की हा मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर हटकून येतो. यंदा काकांनी टाकलाय.

एक पैसा दिला नाही? १९८५ मध्ये बँकेने ४५ कोटी डॉलर मंजूर केले. ३० कोटी धरण आणि वीजघरासाठी, १५ कोटी कालव्यांसाठी. त्यातले २८ कोटींच्या आसपास हातात पडले.

आंदोलनाने कर्ज अडवलं, हे अर्धं खरं. त्या रेट्यामुळेच बँकेने १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमली. पुढच्या वर्षी समितीने स्वच्छ सांगितलं की आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन होणं शक्य नाही, पर्यावरणाचा विचार धड झालेला नाही, बँकेने मागे सरावं. गंमत पुढे आहे. बँक मागे सरलीच नाही! ऑक्टोबर १९९२ मध्ये संचालक मंडळाने अटी घालून पैसा चालू ठेवला आणि मार्चअखेरची मुदत दिली. मुदत संपता संपता भारत सरकारनेच कळवलं, उरलेले १७ कोटी डॉलर आम्हाला नकोत. अटी पुऱ्या होत नव्हत्या, बँकेने हात झटकण्याआधी आपणच नको म्हटलेलं बरं, असा तो हिशेब असणार. पण कागदावर नकार दिल्लीचा आहे.

आणि अटी काही फार जगावेगळ्या नव्हत्या. मुख्य मुद्दा पुनर्वसनाचाच होता. आपल्याकडची अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या धरणाच्या बुडितात येतात, त्यांत पहिलं मणिबेली. तिथल्या माणसाला पाणी चढण्याआधी जमीन द्या, हे तर नर्मदेच्या पाण्याचा राज्यांमधला तंटा सोडवणाऱ्या आपल्याच लवादाने १९७९ मध्ये सांगून ठेवलं होतं.

राहिला 'स्वतःचा पैसा'. केंद्राच्या सिंचन योजनेतून या प्रकल्पाला हजारो कोटी मिळाले, तो पैसा देशभरातल्या करदात्यांचा. वीजनिर्मितीच्या खर्चात लवादाने मध्य प्रदेशावर ५७ आणि महाराष्ट्रावर २७ टक्के वाटा टाकला. वीजही त्याच प्रमाणात. गुजरातच्या वाट्याला १६.

शिवाय १९९३ मध्ये, बँकेचा पैसा थांबला त्याच वर्षी, नर्मदा निगमने, म्हणजे धरण बांधणाऱ्या गुजरात सरकारच्या कंपनीने, रोखे काढले. आज ३,६०० रुपये भरा, वीस वर्षांनी १,११,००० घ्या. म्हणजे वर्षाला अठरा टक्क्यांच्याही वर व्याज पडतं. बँकेचं कर्ज गेलं आणि त्याहून कितीतरी महाग कर्ज पेन्शनीतल्या, पगारदार माणसांकडून उचललं गेलं. ते फार काळ झेपणार नव्हतं, म्हणून गुजरात सरकारने कायदा करून २००९ मध्येच ५०,००० रुपये देऊन रोखे परत घेतले.

काका, तुम्हीही त्यातला एक घेतला होता ना?