सातशे किलोंचा प्रश्न

आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी एकदा तरी शेडकडे पाहतो आणि विचारतो, "मग, हिचं पुढे काय करायचं ठरवलंय?" माझ्या निवृत्तीनंतर माझे काय करायचे, असे अजून कोणी विचारलेले नाही; 'हिचे' म्हणजे आमच्या १९६५ च्या एमजी मिजेटचे, एका छोट्या इंग्लिश रोडस्टरचे, म्हणजे उघड्या दोन आसनी गाडीचे. दिल्लीत नोकरीला असताना काकांनी ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या लिलावात घेतली होती. परकीय वकिलातींनी वापरून टाकलेल्या गाड्या त्या काळी याच वाटेने सामान्य माणसाच्या हाती पडत. काका गेल्यावर काकूंनी गाडी माझ्या नावावर केली, "तू सांभाळशील" एवढेच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना शांत झोप लागू लागली.

या गाडीचा सगळा मोठेपणा तिच्यात काय काय नाही यावर उभा आहे. तिला मागचे आसन नाही, कायमचे छप्पर नाही आणि वजन तर जवळजवळ नाहीच; सगळी मिळून साधारण सातशे किलो भरते. इंजिन १०९८ सीसीचे आणि ताकद ५९ अश्वशक्तीची. इंजिनाचे घराणे मात्र मोठे आहे: १९५१ साली ऑस्टिन ए-३० या गरीब गाडीसाठी ते ८०३ सीसीचे म्हणून जन्माला आले आणि थेट २००० सालापर्यंत मिनीमध्ये नांदत राहिले. मिजेटमध्ये हीटर हवा असल्यास गिऱ्हाइकाला वेगळे पैसे मोजावे लागत. इंदूरच्या मे महिन्यात मात्र इंजिनाची ऊब पायांपर्यंत फुकट पोहोचते. आमच्या मेकॅनिक उस्तादांनी पहिल्यांदा बॉनेट उघडले तेव्हा ते बराच वेळ आत पाहत राहिले आणि म्हणाले, "भिया, इसमें तो कुछ है ही नहीं." रोडस्टर या प्रकाराची इतकी नेमकी व्याख्या मी इतरत्र वाचलेली नाही.

अडचण अशी, की हलकेपणा हा रस्त्यावर गुण असला तरी बाजारात तो दोष ठरतो. स्वच्छतेत देशात पहिले येण्याची सवय लागलेल्या या शहरात वापरात नसलेली कोणतीही वस्तू फार दिवस नजरेआड राहत नाही. त्यामुळे एक भंगारवाले गृहस्थ स्वतःहून आले, त्यांनी मडगार्डवर बोटाने टकटक केली, खाली वाकून पाहिले आणि कीव येऊन म्हणाले, "इसमें तो लोहाच कम है, साब." किलोवर भाव करणाऱ्या माणसाकडून दुसरे काय ऐकायला मिळणार? उलट, संग्रहालयात मांडावी म्हणावे तर आमचे गाव नको इतके श्रीमंत. इथले महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ ची ड्युसेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी घेतली होती. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली होती आणि सुपरचार्जर लावलेले तिचे इंजिन ३२० अश्वशक्तीचे होते. ज्या शहराच्या स्मरणात अशी गाडी आहे, तिथे आमच्या ५९ घोड्यांकडे कोण पाहणार? बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर २०२३ च्या जानेवारीत देशभरातल्या राजेशाही गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे आमची मिजेट नेली असती, तर तिला बहुधा गाड्या पुसण्याच्या फडक्यांच्या वाहतुकीचे काम मिळाले असते. थोडक्यात, आमची गाडी त्रिशंकू झालेली आहे, आणि त्रिशंकूला निदान पार्किंग शोधावे लागत नव्हते.

सुटे भाग मिळत नसतील, असा पाहुण्यांचा समज असतो. तो खरा असता तर मी कधीच सुटलो असतो. इंग्लंडमध्ये या गाडीचे जवळजवळ सगळे भाग अजून तयार होतात, इतकेच काय, संपूर्ण सांगाडाही नव्याने ठोकून मिळतो. फक्त भागापेक्षा त्याचा प्रवास आणि सीमाशुल्क महाग पडते. भाग आल्यावर खरी कसरत सुरू होते, कारण गाडीचे नट इंचांतले आणि उस्तादांचे पाने मिलिमीटरांतले. अर्ध्या इंचाच्या नटावर तेराचा पाना 'बसतो' असे उस्ताद म्हणतात. तो बसतो हे खरे आहे, पण उठताना नटाचे कोपरे बरोबर घेऊन उठतो.

पोटापाण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. २००० सालच्या फेब्रुवारीत देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाच्या आधाराने दिवस काढणाऱ्या तिच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतील म्हणून काकांनी हेड उतरवून त्या जागी कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते, हवेतले पाणी ओढून घेते आणि टाकी अर्धी रिकामी राहिली तर ते पाणी तळाशी साठवून गंजाची सोय करते. आमच्या कॉलनीने वर्गणी काढून बांधलेला गतिरोधक हा स्वतंत्र विषय आहे. गाडीचा तळ जमिनीपासून जेमतेम पाच इंच, त्यामुळे गतिरोधकाच्या अलीकडे सौभाग्यवती खाली उतरतात, चालत पलीकडे जातात, आणि मी तिरक्या चालीने तो ओलांडून त्यांना पुन्हा बसवून घेतो. लोकांना हा आमचा रोजचा रुसवा वाटतो.

पावसाचे मात्र सविस्तर सांगायला हवे. या मॉडेलचे छप्पर दुमडून मागे पडत नाही. ते सुटे करून डिकीत ठेवायचे असते. थेंब पडू लागले की गाडी बाजूला घ्यायची, डिकीतून नळ्यांची चौकट काढायची, तिचे पाय आसनांमागच्या भोकांत रोवायचे, त्यावर कापड ताणायचे आणि मग काचेच्या चौकटीपासून मागपर्यंत टिचबटणे लावत जायचे. साठ वर्षांत कापड आक्रसले आहे, त्यामुळे उजवीकडचे शेवटचे बटण लागले की डावीकडचे पहिले सुटते. पलासियाच्या चौकात एकदा हा विधी चालू असताना भोवती मंडळ जमले. सौभाग्यवती आत पर्स डोक्यावर धरून बसल्या होत्या. एका मुलाने आपली छत्री त्यांच्यावर धरली आणि मला दिलासा दिला, "अंकल, आराम से लगाओ, बारिश तो रुक गई." शेवटचे बटण लागले तेव्हा ऊन पडलेले होते. "अहो, आता ते काढा, आत गुदमरायला होतंय," असे आतून ऐकू आले.

घरातल्या सूचना ऐकण्यासारख्या असतात. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, तिला सजवून न्यावी, असे मेहुण्यांचे म्हणणे आहे; त्यांचे वजन पाहता ते स्वतः मात्र तिच्यात बसणार नाहीत, अशी आशा आहे. पुतण्या म्हणतो, "काका, इलेक्ट्रिक करून टाका." तशी केली तर ती अवजड बॅटऱ्यांची पेटी होईल, आणि मग निदान भंगारवाला तरी खूश होईल. माझा धीर टिकून आहे तो इतिहासामुळे. १९८० साली इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद झाला तेव्हा हलक्या, उघड्या, दोन आसनी गाड्यांची जातच संपल्यात जमा होती. पण १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जपानच्या माझदाने त्याच जातीची एमएक्स-५ आणली आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनवल्या.

सध्या गाडे नोंदणीपाशी अडले आहे. वीस वर्षांहून जुन्या आयात चारचाकीच्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे, तर २०२५ पासून त्याचे शुल्क ८०,००० रुपये आहे आणि मुदत पाच वर्षांची. त्याऐवजी, पन्नाशी उलटलेली गाडी मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची 'विंटेज' म्हणून नोंद होते. शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. म्हणजे गाडी चालवायची असेल तर चौपट पैसे आणि पुजायची असेल तर दुप्पट मुदत. विंटेज गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल किंवा इंधन भरणे यांसाठीच. नेहमीच्या वापरासाठी नाही. मी एजंटला विचारले, "रविवारी सकाळी पोहे खायला जाणे यातल्या कशात बसेल?" त्याने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली आणि म्हणाला, "साहेब, पोह्याच्या दुकानाच्या अलीकडे पंप आहे ना?"

पंप आहे. विंटेजचा अर्ज दिला आहे. टाकी भरून ठेवली तर घराबाहेर पडायला कायदेशीर कारण उरत नाही आणि रिकामी ठेवली तर इथेनॉल तळाशी पाणी साठवते, म्हणून आम्ही दर रविवारी दोन-दोन लिटर पेट्रोल भरायचे ठरवले आहे. पंपावरच्या मुलाला आमची दया येते. एवढी विलायती गाडी असून बिचाऱ्यांना टाकी भरणे परवडत नाही, असे तो समजतो, आणि काच न सांगता पुसून देतो.