गोधडी जाड नको, धुता येईल अशी हवी

रुग्णालयातल्या आजी-आजोबांसाठी गोधड्या शिवायला बसणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या मैत्रिणींनो, कळकळीची विनंती आहे. घरच्यासारखी सहा-सात थरांची गोधडी वॉर्डात नेऊ नका. अशक्त पायांना तिचं ओझं होतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धड वाळत नाही, कुबट वास धरते. तीन थर पुरेत.

सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर लांब, ४५ इंच पन्ह्याची. दीड-दीड मीटरचे तीन तुकडे म्हणजे तीन थर, वर उरलेल्या मीटरभरात किनारीच्या पट्ट्या. एका साडीत एक गोधडी! विकत आणायचा तो फक्त दोरा. तो पॉलिएस्टरचा घ्या, वारंवारच्या धुलाईत सुती दोरा त्याच्यापेक्षा लवकर झिजतो. ४५ इंच रुंदीही मोजूनमापून आहे: पलंगावरून लोंबून चाकात अडकत नाही.

साडी आधी फॉल काढून गरम पाण्यात धुवा, आटायची ती आधीच आटू दे. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघा. लाल, मरून, निळा रंग उतरला तर ती साडी बाजूला ठेवा. मग निऱ्यांच्या आणि घडीच्या जागी दोन्ही हातांनी ताणा, तिथेच कापड आधी विरतं. जरीचा काठ कापून टाका. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ असते, जर तिला ओरखडते. टिकल्या, बटणं, लेस तर नकोच.

खरी चूक होते ती थर जोडताना. कच्चे टाके एका टोकापासून घालत गेलं की सगळ्या चुण्या दुसऱ्या टोकाला साठतात. म्हणून मधून सुरुवात करून चारी बाजूंना जा. गोधडी पांघरायलाच द्या, अंगाखाली घालू नका, हे वॉर्डातल्या सिस्टरांनाही सांगा. पाठीखाली किंवा टाचेखाली चुणी राहिली तर कातडी लाल होते, पुढे जखम.

धावदोरा बारीक हवा, पाव इंचाचा, ओळी दोन बोटांच्या अंतराने. लांब टाक्यात सलाईनची नळी किंवा बोट अडकतं. गाठी थरांच्या आत लपवा.

सुया मोजून घ्या, मोजून परत ठेवा आणि शेवटी गोधडीवरून लोहचुंबक फिरवा.

शिवण्याआधी मात्र सिस्टरांना विचारा, कारण काही रुग्णालयं बाहेरचं पांघरूण वॉर्डात घेत नाहीत. तिथे गोधडी रुग्णाला घरी जाताना द्या. घेत असतील तर कोपऱ्यात वॉर्डचा नंबर पक्क्या दोऱ्याने शिवा, म्हणजे धुलाईतून ती त्याच वॉर्डात परत येते.