‘जाऊ दे ना गं’

आज डोकं फिरलंय ते 320 रुपयांवरून. हसा. आमच्या ग्रुपवर सगळ्या हसून मोकळ्या झाल्यात.

पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीत जुन्या बंगल्याचं कॅफे झालंय. अंगणातल्या आंब्यावर दिव्यांच्या माळा, वेताच्या खुर्च्या, आणि ‘रेग्युलर की मिनरल?’ असं काही विचारतात की साधं पाणी मागायला धाडस लागतं. आम्ही शाळेतल्या पाच जणी. गप्पा झकास झाल्या, खाणंही चांगलं होतं, उगाच नावं ठेवणार नाही.

मग बिल आलं. खाणंपिणं 3,200. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, 320. आणि या सगळ्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी. एकूण 3,696. म्हणजे जे पैसे द्यायचं बंधनच नाही, त्यांच्यावरसुद्धा कर!

मी बिल आणणाऱ्या मुलाला म्हटलं, ‘दादा, सर्व्हिस चार्ज काढून आणता का?’ तो बिचारा मॅनेजरकडे बघायला लागला. मॅनेजर आला, ‘मॅम, वो तो सिस्टम से ही आता है.’ आणि माझ्या मैत्रिणी? एक पर्समध्ये काहीतरी शोधू लागली, एकीला अचानक फोन आठवला, आणि तिसरी हळूच, ‘जाऊ दे ना गं, तीनशे रुपयांसाठी काय!’

ही तिसरी सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या शंभर रुपयांवरून सेक्रेटरीला घाम फोडते. मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे ती जागरूक नागरिक, आणि इथे मी कंजूष. का, तर इथे खुर्ची वेताची आहे म्हणून?

अहो, नियम काही मी काढलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय, सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. दुसरं नाव देऊनही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, तर मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेच कायम केलं, वर त्यांना दंडही ठोठावला. तरी मेनूच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत सर्व्हिस चार्जची ओळ आहेच.

हो, मुलांचे पगार कमी असतात, मान्य. प्रभात रोडचं भाडं काय असेल त्याचीही कल्पना आहे. मग कॉफीचा दर वाढवा ना! मेनूत ठळक छापा. परवडलं तर पिऊ, नाहीतर गुडलकला जाऊन बन-मस्का खाऊ. खाऊन झाल्यावर, चार लोकांसमोर, लाजेकाजेपोटी काढून घ्यायचे ते पैसे नकोत.

आणि ते ‘सिस्टम’ ऐका. मी बसून राहिले. मॅनेजर आत गेला आणि पाच मिनिटांत 3,360 चं नवं बिल घेऊन आला. म्हणजे बटण होतं! मागणाऱ्यासाठी होतं, इतकंच. बाकी सगळी टेबलं निमूट भरत होती, त्यात आमच्याहून तरुण मुलंमुली, ज्यांचा पगार महिनाअखेरीला कुठे जातो ते त्यांनाच माहीत.

निघताना मी त्या मुलाच्या हातात दोनशे रुपये ठेवले. ओडिशाचा आहे, वय वीस-बावीस. दिवसभर उभा असणार, तरी पाणी न मागता परत परत भरत होता. त्याने मॅनेजरकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही नोटा काउंटरवरच्या डब्यात टाकल्या. मला म्हणाला, ‘थँक्यू, आंटी.’ आंटी म्हटल्याचा राग येणार होता, आला नाही. त्या डब्यातलं त्याला किती मिळतं, ते विचारायला हवं होतं, पण मॅनेजरसमोर त्याला कुठे अडचणीत आणायचं?

मैत्रिणींवरचा रागही आता उतरलाय, खरंतर. एवढ्या दिवसांनी भेटलो, चांगल्या संध्याकाळीत वाद नको असं वाटलं असेल. पण याच वाटण्यावर तर या कॅफेवाल्यांचं दुकान चालतं ना! ते परत आठवलं की परत चढतो.

असो. 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सेव्ह करून ठेवा. आणि कमेंटमध्ये ‘एवढं काय त्यात’ लिहायचं असेल, तर आधी आपापल्या शेवटच्या कॅफेच्या बिलाचा फोटो टाका. मग बोलू.