केनेडींचा बाप्तिस्मा झाला ते चर्च

आम्हा बॉस्टनकर मराठी मंडळींचा शनिवारचा कट्टा शेजारच्या ब्रुकलाइन गावात, कूलिज कॉर्नर चौकातल्या बाकावर भरतो. परवा वाद पेटला तो जवळच्या सेंट एडन्स चर्चवरून. नागपूरकर घर शोधतोय, आणि चर्चमधला एक फ्लॅट त्याच्या नजरेत भरलाय.

"१९१७ साली जॉन केनेडींचा बाप्तिस्मा झाला तिथे," काकू म्हणाल्या. "त्या जागी कुणाची तरी बेडरूम? मला नाही बाई पटत."

"पण काकू, १९९९ ला चर्च बंदच झालं ना!" नागपूरकर म्हणाला. " त्या आवारात ५९ घरं झाली, त्यातली ३६ बेताच्या कमाईवाल्यांसाठी. आणि हे केलं आर्चडायोसीजच्याच, म्हणजे इथल्या कॅथलिक धर्मप्रांताच्याच, गृहनिर्माण विभागानं. ब्रुकलाइनमध्ये साध्या पगाराच्या माणसाला एरवी घर मिळते का सांगा!"

इथवर मी नागपूरकराच्या बाजूनं होतो.

वसईकर इतका वेळ गप्प होता. "चर्चच्या आत त्यातली किती?" त्यानं विचारलं, आणि उत्तरही त्यानंच दिलं. "९. आणि तीच महागडी. स्वस्तातली सगळी बाजूच्या नव्या इमारतींत."

"ती महाग विकली म्हणूनच बाकीची स्वस्त देता आली ना?"

"असेल. मी वसईच्या किल्ल्यात खेळत वाढलो. छप्पर गेलेली चर्चेस, भिंतींतून उगवलेली झाडं. त्यापेक्षा आत दिवा लागलेला बरा, हे मला कबूल. पण आमच्या गावच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) भर उन्हातून आलेली मासळीवाली टोपली बाहेर ठेवून घटकाभर टेकते. तिला कुणी विचारत नाही, तू कोण. इथे आता कोण टेकणार?"

यावर मला काही बोलता येईना. घरं हवीत, ३६ कुटुंबांचा प्रश्न सुटणं ही लहान गोष्ट नाही. पण बाप्तिस्म्याच्या जागेपुरती एक खोली सगळ्यांसाठी उघडी ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी उठून आम्ही तिकडेच गेलो. १९११ चं, लाकडी चौकटींचं बांधकाम. बाहेरून एखाद्या जुन्या इंग्रजी घरासारखंच दिसतं. आवारातला तांबूस पानांचा प्रचंड बीच वृक्ष मात्र बांधकामात राखलाय. दार बंद होतं. वसईकरानं फुटपाथवरूनच क्रूसाची खूण केली.

"फ्लॅट बघायला जाईन ना," नागपूरकर हळूच म्हणाला, "तवा तू बी चाल माझ्यासंगं. आत."