जांभळ्याचा पिवळा कसा करावा

तुमच्या शहराच्या विकास आराखड्यात एखादा जांभळा पट्टा अजून शिल्लक असेल, तर नियोजन समितीचे सदस्य म्हणून तुमच्याविषयी आम्हाला सहानुभूती आहे. जांभळा म्हणजे औद्योगिक. आजूबाजूला सगळं कसं छान पिवळं, म्हणजे निवासी झालेलं, आणि मध्येच हा डाग. तिथे लोक अजूनही पत्रे वाकवतात, डाय घासतात, पुठ्ठ्याची खोकी बनवतात. भर शहरात काहीतरी तयार होतंय, हे चारचौघांना सांगायचं तरी कसं?

पण घाई नको. कारखाने हटवायचा ठराव आणलात तर मोर्चा येईल. त्यापेक्षा कारखान्यांच्या संरक्षणाचा ठराव आणा. 'उद्योग हा शहराचा कणा आहे' हे वाक्य सुरुवातीलाच टाका, टाळ्या पडतील. फक्त शेवटच्या कलमात 'अपवादात्मक परिस्थिती वगळून' एवढे तीन शब्द राहू द्या. पुढचं सगळं ते तीन शब्द बघून घेतात.

कसं, ते सांगतो. एका शेडला अपवाद मिळाला, तिथे इमारत उभी राहिली, की शेजारच्या शेडचा मालक आपल्या जागेचा हिशोब भाड्यात करायचं सोडून फ्लॅटच्या भावात करू लागतो. आता तो लेथवाल्याला लांब मुदतीचा करार कशाला देईल? छप्पर गळत असेल तर गळू दे. आणि पुढच्या वर्षी उठावं लागेल असं दिसत असताना जड मशीनसाठी काँक्रीटचा पाया कोण घालेल? धडपडी माणसं आपणहून निघून जातात, शेड रिकामी पडते, कुलपाला गंज चढतो. मग त्या कुलपाचा फोटो काढा आणि समितीपुढे ठेवा : 'औद्योगिक जागेला मागणीच उरलेली नाही.' इतका बिनतोड पुरावा कोर्टातसुद्धा सहसा मिळत नाही.

तरीही काही चिवट लोक उरतातच. त्यांच्यासाठी आवाज आहे. पॉवर प्रेसच्या भिंतीला लागून इमारत मंजूर करा आणि शयनगृहांच्या खिडक्या नेमक्या त्याच बाजूला येतील असं बघा. सकाळी सात वाजता प्रेस सुरू होतो. ठण्, ठण्, ठण्. खाली वॉशर पडत असतात, वर चौथ्या मजल्यावर माणूस उशी कानावर दाबून तक्रारीचा मजकूर जुळवत असतो. तक्रार आली की आवाज मोजायचं यंत्र घेऊन माणूस पाठवा. प्रेस तिथे वीस वर्षं आहे आणि खिडकी सहा महिन्यांची, ही माहिती त्या यंत्राला नसते. नोटीस प्रेसवाल्यालाच जाते. लंडनने 2021 च्या आराखड्यात उलटंच खूळ काढलंय : जो नंतर आला, त्यानेच आवाजाचा बंदोबस्त करायचा, दुहेरी काचा लावायच्या, खिडक्यांची तोंडं फिरवायची. असली पुस्तकं कार्यालयात ठेवू नका.

रस्त्याकडेही थोडं बघा. ट्रेलरला वळायला मोठा कोपरा लागतो. त्या कोपऱ्यावर कारंजं बसवा. कारंज्याला कुणी विरोध केल्याचं ऐकलंय का?

तरी लोक विचारतील, बाहेर काय चाललंय? तयारी ठेवा. शिकागोने 1988 मध्ये क्लायबोर्न पट्ट्यात कारखान्यांसाठी राखीव क्षेत्र केलं, घरांना साफ मज्जाव. तीस वर्षं तरी नेटाने धरून ठेवायचं! 2017 मध्ये तिथल्या नदीकाठच्या भागातले निर्बंध उठवलेच. इंग्लंड तर आपल्याही पुढे. 2020 मध्ये त्यांनी हलका उद्योग, कार्यालय, दुकान, उपाहारगृह आणि व्यायामशाळा एकाच वापरवर्गात कोंबली. शिवणकामाच्या कारखान्याचं कॅफे करायचं तर आता सहसा नियोजनाची परवानगीही लागत नाही. बाकी लंडनचा जुना हात यात बसलेलाच होता : 2001 ते 2015 या काळात 1,300 हेक्टरांहून जास्त औद्योगिक जमीन दुसऱ्या वापरात गेली. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त. आराखड्यात मर्यादा असते ती अशी ओलांडता यावी म्हणूनच.

न्यूयॉर्कचा धडा जरा बारकाईने वाचा, कारण तिथे तुमच्यासारख्यांना मोठा दिलासा आहे. 2006 मध्ये त्यांनी औद्योगिक व्यवसाय क्षेत्रं ठरवली आणि तिथे घरं येऊ देणार नाही असं सांगितलं. घरं थोपवली. पण औद्योगिक पट्ट्यांत हॉटेलं चालत होती, लोकांचं अडगळीचं सामान ठेवायची भाड्याची गोदामंही चालत होती. मग काय, दोन्ही आली. त्यांना विशेष परवानगीची अट लागली ती 2017-18 मध्ये. तेव्हा पुढचं दार वाजतगाजत बंद करा. मागचं कुणी तपासत नाही.

आणि गिरणगाव? त्याच्याइतकी सुबक कारागिरी आम्ही दुसरीकडे पाहिली नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे केले : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची ठरलं. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती कितीशी? वाटे तीनच राहिले, वाटायचं तेवढं आटलं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती वैध ठरवली. नियम रद्द न करता आतून पोकळ कसा करावा, हे शिकायला परदेश दौऱ्याची गरज नाही. (दौरा मात्र रद्द करू नका.)

कुणी म्हणेल, लिफ्ट दुरुस्त करणारा, काच कापणारा, रुग्णालयाचे कपडे धुणारा, हे सगळे त्याच पट्ट्यात होते, आता लांबून येतील आणि जाण्यायेण्याचे पैसेही लावतील. त्यांना सांगा, बाजार बघून घेईल. बघेलच, रहिवाशांच्या देखभाल खर्चात.

आता उरलं कागदपत्र. अहवालात कारखाना 'बंद पडला' असं कुठेही येऊ देऊ नका. 'स्थलांतरित' लिहा. कुठे, हा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतोच.