पुस्तक काढा, पान उघडा

बेळगावच्या शहापुरातला आमचा कट्टा सातनंतर भरतो. परवा मास्तर उशिरा आले, तेही तोंड पाडून. इंग्रजी माध्यमाची आठवी. एका बाकावर घरी मराठी बोलणारं पोर, शेजारी कन्नड, मागं उर्दू. त्यातल्या एकानं विचारलं, "सर, एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव करायचा की काळा दिवस पाळायचा?" मास्तर म्हणाले, "पुस्तक काढा, पान उघडा."

"बरोबर केलासा की," आप्पा म्हणाला. त्याची रिक्षा, आणि पोरगी त्याच वर्गात. "कुणी मोबाईलवर टिपलं तर संध्याकाळी तुम्ही व्हॉट्सॲपवर, सकाळी घरात."

"खरं आप्पा, पोरांना दिसत नाही होय?" मी म्हणालो. "एका गल्लीत लाल-पिवळे झेंडे, दुसरीतनं काळ्या फिती लावून मराठीवाल्यांची सायकल फेरी. वर्गात गप्प बसलं की ती रीलवरनं शिकतात."

बीएड करणारा आमचा धाकटा भिडू म्हणाला, "शिक्षकानं निःपक्ष राहायचं." मला हे फार गुळगुळीत वाटतं. १७ जानेवारी १९५६ ला सीमाप्रश्नाच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. यात पक्ष कसला? ते घडलंय. बेळगाव कुणाचं, महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, हा वादाचा प्रश्न. दोन्ही एकाच टोपलीत टाकून झाकण लावायचं, याला निःपक्षपणा म्हणत नाहीत.

मास्तरांनी बशीतल्या चहात बोट बुडवलं आणि कट्ट्याच्या फरशीवर ठिपके काढले. वर निपाणी, खाली खानापूर, मध्ये आपण. "महाजन अहवाल पोरांपुढं ठेवला तर? १९६७ चा, केंद्रानं सीमाप्रश्नावर नेमलेल्या आयोगाचा. २६४ गावं महाराष्ट्राला, निपाणी-खानापूर त्यात. २४७ कर्नाटकला, त्यात अक्कलकोट. बेळगाव इथंच. कर्नाटकनं मानला, महाराष्ट्रानं नाकारला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात."

आप्पा वाकून बघत होता. "म्हणजे माझी सासुरवाडी महाराष्ट्रात आणि मी कर्नाटकात?"

"अहवालाप्रमाणं, होय."

"आणि अक्कलकोटवाल्यांना कुणी विचारलं होतं काय?"

"हे वर्गात विचारा बघू," मास्तर पहिल्यांदाच हसले. "गाव मोजायचं की तालुका, भाषा बघायची की बाजारपेठ, सगळं तिथनंच निघतंय."

"निघू दे. खरं शेवटी पोरगं म्हणणार, सर, तुमचं काय मत? मग?"

मास्तर गप्प. माझं म्हणणं, सांगावं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर, शेवटी, आणि खोडायला मुभा देऊन. आडनावावरनं पोरांनी अंदाज बांधलेलाच असतो. आप्पाला पटलं नाही. "तुझी नोकरी जात नाही गा," म्हणाला. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पोरगी. मराठीच्या वहीत पत्र लिहायचंय, वर पत्त्यात बेळगाव लिहू की बेळगावी?

"थांब बाळ," आप्पा म्हणाला आणि फोन मास्तरांच्या हातात दिला.